फळ्यावर नसलेली तारीख

चि. बाळ,


परवा तुझा फोन आला तेव्हा मी तुला धड उत्तर दिलं नाही. चाकणच्या कारखान्यात तू रुजू झालीस, माणसांच्या नेमणुकांबरोबर गाड्यांचं कामही तुझ्याच टेबलावर आलं, याचा आनंद सांगत होतीस आणि बोलता बोलता विचारलंस, "मामा, ड्रायव्हरचं लायसन्स तपासायचं म्हणजे आणखी काय करायचं? सगळ्यांची झेरॉक्स फायलीत आहे." ते ऐकलं आणि कराडच्या आमच्या ऑफिसातलं लोखंडी कपाट डोळ्यांपुढे आलं. हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहायला बसलोय.

तेव्हा मी एका दूधवाहतूकदाराकडे गाड्यांचं काम बघत होतो. चौदा गाड्या होत्या. माझ्या टेबलामागे काळा फळा होता, त्यावर प्रत्येक गाडीचा नंबर आणि पुढे विमा, फिटनेस, पीयूसी, परमिट यांच्या तारखा खडूने लिहिलेल्या. एखादी तारीख महिन्यावर आली की मी तिच्याभोवती लाल खडूने गोल करायचो. त्या फळ्याचा मला अभिमान होता. एकाही गाडीचा कागद माझ्या हातून कधी सरला नाही.

माझ्यापेक्षा वयाने मोठे एक ड्रायव्हर आमच्याकडे होते, सगळे त्यांना अण्णा म्हणत. २००६ साली ते कामावर आले, त्या दिवशी त्यांचं लायसन्स मी स्वतः बघितलं. अवजड वाहनाचं, नुकतंच नूतनीकरण केलेलं, सगळं चोख. झेरॉक्स काढली, अर्जाला स्टेपल केली, फाईल कपाटात ठेवली. रात्री दूध भरून खंबाटकीचा घाट उतरून पहाटे पुण्यात पोचायचं, हे काम त्यांनी तीन वर्षं गाडीला ओरखडा न येऊ देता केलं. २००९ च्या पावसाळ्यात हायवेवर समोरून चुकीच्या बाजूने आलेल्या मोटारसायकलची धडक बसली आणि त्यावरचा तरुण जागीच गेला. भरपाईचा दावा उभा राहिला. विमा कंपनीच्या वकिलाने पहिल्यांदा मागितलं ते ड्रायव्हरचं लायसन्स.

मी फाईल काढली. झेरॉक्सवर मुदतीची तारीख दिसेना, कारण मीच मारलेली पिन बरोबर त्या आकड्यांवर बसली होती आणि तीन पावसाळ्यांत तिचा गंज कागदात उतरला होता. नखाने पिन काढली. लायसन्सची मुदत संपून सात महिने झाले होते. अण्णांना मराठी वाचता यायचं, इंग्रजी तारखा नाही. ते एवढंच म्हणाले, "साहेब, गाडीचे कागद संपले की तुम्ही सांगता, तसं याचंही सांगाल असं वाटलं मला."

विमा कंपनीने त्या मुलाच्या घरच्यांना पैसे दिले आणि नंतर ते सगळे आमच्या मालकाकडून वसूल केले. त्यासाठी दोन गाड्या विकाव्या लागल्या. अण्णांनी त्यानंतर स्टिअरिंगला हात लावला नाही. चौदा गाड्यांच्या तारखा माझ्या फळ्यावर होत्या, त्या चालवणाऱ्या माणसांची एकही तारीख नव्हती. आज इतक्या वर्षांनीही ते मला बोचतं.

आता कायदा काय म्हणतो ते सांगतो, कारण तुझ्या कंपनीत कुणीतरी म्हणेलच की लायसन्स ही ड्रायव्हरची जबाबदारी. ती त्याची आहेच. पण १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ३ ज्याच्याकडे चालू लायसन्स नाही त्याला गाडी चालवायला मनाई करतं, आणि लगेच कलम ५ गाडीच्या मालकाला आणि गाडी ज्याच्या ताब्यात आहे त्याला बजावतं, की अशा माणसाला गाडी चालवू देऊ नका. 'गाडी ज्याच्या ताब्यात आहे' हे शब्द नीट वाच. चाव्या तुझ्या टेबलावरून जात असतील तर त्यात तूही येऊ शकतेस. कलम १८० खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. दंडाची रक्कम छोटी आहे, खरा फटका बसतो तो विम्यात.

या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने मालकांना बराच आधार दिलाय. २००३ च्या लेहरू खटल्यात आणि २००४ च्या स्वर्ण सिंग खटल्यात न्यायालयाची भूमिका अशी होती, की मालकाने लायसन्स बघितलं, ते खरं वाटलं, माणसाला गाडी चालवताना पाहिलं, तर पुढे ते बोगस निघालं म्हणून विमा कंपनीला एवढ्यावर हात झटकता येणार नाहीत. मालकाने प्रत्येक लायसन्स घेऊन आरटीओत खेटे घालावेत अशी अपेक्षा नाही. पण २०२० चा बेली राम विरुद्ध राजिंदर कुमार हा निकाल मी तुला मुद्दाम वाचायला सांगेन. हिमाचलमधलं प्रकरण. ट्रकच्या ड्रायव्हरचं लायसन्स संपून तीन वर्षं होत आली होती, अपघातात तो स्वतःच जखमी झाला. त्याच्या भरपाईचा बोजा न्यायालयाने विमा कंपनीवर न टाकता मालकावर टाकला. नोकरीवर घेताना लायसन्स बघितलं म्हणून मालकाचं काम संपत नाही, ते वेळेवर नवं होतंय का हेही त्यानेच बघायचं, असं न्यायालयाने सांगितलं. तो निकाल वाचला तेव्हा अण्णांचं वाक्यच कुणीतरी इंग्रजीत लिहून काढलंय असं मला वाटलं.

तेव्हा झेरॉक्सवर विसंबू नकोस. झेरॉक्स एका दिवसाचं खरं सांगते, तेही नीट काढली असेल तर. आमच्या वेळी खरं-खोटं करायला आरटीओला पत्र पाठवून महिना महिना वाट बघावी लागायची. आता परिवहन खात्याच्या 'सारथी' संकेतस्थळावर लायसन्सचा नंबर आणि जन्मतारीख टाकली की मिनिटात नोंद समोर येते. न्यायालय तुझ्याकडून एवढी अपेक्षा करत नाही हे खरं, पण जे मिनिटात कळतं ते कळून न घ्यायला काही कारण आहे असं मी तरी मानणार नाही. माणसाला समोर बसव, त्याचं मूळ कार्ड हातात घे, फोटो आणि चेहरा जुळव, मग नंबर टाक. नंबर वाचायलाही शीक. एमएच नंतरचे दोन आकडे कार्यालयाचे, १२ म्हणजे पुणे, १४ म्हणजे पिंपरी-चिंचवड, ५० म्हणजे आमचं कराड. त्यापुढचे चार आकडे वर्षाचे. पस्तिशीचा माणूस २००२ सालचं लायसन्स दाखवायला लागला तर थांबून हिशेब कर. जुन्या पुस्तकी लायसन्सची नोंद कधीकधी ऑनलाइन सापडत नाही. त्याचा अर्थ लगेच बोगस असा नाही. ज्या आरटीओने दिलं तिथून लेखी खातरजमा करून घे आणि ती येईपर्यंत त्या माणसाला दुसरं काम दे.

खरी गोम आहे ती दोन तारखांची. नोंदीत नॉन-ट्रान्सपोर्टची मुदत वेगळी असते आणि ट्रान्सपोर्टची वेगळी. पहिली लांबची असते, कारण तिशीच्या आत काढलेलं साधं लायसन्स वयाच्या चाळिशीपर्यंत चालतं. ट्रान्सपोर्टची मुदत २०१९ च्या दुरुस्तीपर्यंत ३ वर्षं होती, आता ५ आहे. घाईत बघणाऱ्याची नजर लांबच्या तारखेवर पडते आणि तो "आहे अजून" म्हणून कार्ड परत देतो. बस किंवा मोठ्या ट्रकवरच्या माणसाची ट्रान्सपोर्टचीच तारीख बघायची. पूर्वी मुदत संपल्यावर ३० दिवसांची सवलत मिळायची, तीही २०१९ मध्ये गेली. मुदत संपली की दुसऱ्या दिवशी लायसन्स नाही, असंच धरून चाल. तुमच्याकडे सॉल्व्हंटचे टँकर येतात म्हणालीस. धोकादायक माल नेणाऱ्याला त्याची वेगळी नोंद लागते, तिची मुदत ३ वर्षंच.

छोट्या पिकअपबद्दल तू विचारलं होतंस. त्यावर वर्षानुवर्षं वाद चालला होता. ६ नोव्हेंबर २०२४ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो मिटवला. मालासह एकूण वजन ७,५०० किलोच्या आत असलेली मालवाहू गाडी हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते, त्यासाठी ट्रान्सपोर्टची वेगळी नोंद लागत नाही. तेव्हा पिकअपवरच्या पोरांना उगीच माघारी पाठवू नकोस. पण आकडा गाडीच्या आरसी बुकात बघ, अंदाजाने ठरवू नकोस. स्टाफच्या बसवर जो आहे त्याचा प्रवासी वाहनाचा बॅजही बघ.

आता ज्यांना कुणी ड्रायव्हर म्हणत नाही त्यांच्याबद्दल. गाडी धुवायला नेणारा क्लिनर, डिझेल भरायला "मी जातो" म्हणणारा वॉचमन, बँकेत चेक टाकायला कंपनीची मोटारसायकल घेऊन जाणारा ऑफिसातला पोरगा, साइटवर फिरणारा सुपरवायझर. यांची लायसन्सं बघायचं कुणाच्या मनातही येत नाही. त्या पोराकडे बिनगिअरच्या स्कूटरचं लायसन्स असतं आणि तू दिलेली गाडी गिअरची. कुणाकडे नुसतं लर्निंग असतं, त्यावर एकट्याने गाडी चालवता येत नाही. विक्रीवाली मुलं स्वतःच्या गाडीवर फिरतात, म्हणून त्यांना सोडून देऊ नकोस. काम कंपनीचं असेल तर अपघाताचा प्रश्न कंपनीच्या दारापर्यंत येतो. आणि ठेकेदाराची बस असेल तर बदली ड्रायव्हर पाठवायच्या आधी त्याचं लायसन्स तुझ्याकडे आलं पाहिजे, हे करारातच घाल. नेहमीचा माणूस आजारी पडला की पहाटे पाचला कुणीतरी अनोळखी माणूस गेटवर येऊन उभा राहतो, आणि शिफ्ट सुटायची वेळ असते म्हणून कुणी काही विचारत नाही.

यावर मी शेवटच्या वर्षांत एक साधं केलं होतं. चाव्यांच्या बोर्डाशेजारी नावांची यादी लावली. कोण कुठली गाडी नेऊ शकतो आणि कुठल्या तारखेपर्यंत. यादीत नाव नाही त्याला चावी नाही, मग तो मालकाचा मुलगा का असेना. मालकाच्या मुलाला मी एकदा खरंच चावी दिली नव्हती. त्याला राग आला, मालकाला नाही आला.

पोरी, हे सगळं करताना माणसाचा मान राख. लायसन्स बघणं म्हणजे संशय घेणं असं त्यांना वाटता कामा नये. म्हणून सगळ्यांचं बघ, आणि सुरुवात तुझ्या मॅनेजरच्या लायसन्सपासून कर. ड्रायव्हरचं मूळ लायसन्स कपाटात ठेवून घ्यायची काही मालकांना सवय असते, माणूस सोडून जाऊ नये म्हणून. ते अगदी चूक आहे. ते कार्ड त्याचं आहे, रस्त्यावर पोलिसांनी मागितलं तर त्यालाच दाखवायचंय. नंबर आणि जन्मतारीख घेताना कशासाठी ते सांग, त्याची लेखी संमती घे, आणि कार्डांचे फोटो ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरू देऊ नकोस.

नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या वर्षभर आधीपासून करता येतो. मुदत संपून वर्ष उलटलं तर पुन्हा चाचणी द्यावी लागते, आणि पन्नाशीच्या माणसाला ते जड जातं. तीन महिने आधी तू आठवण कर, डॉक्टरचा दाखला लागतो तो घ्यायला आणि आरटीओत जायला भरपगारी सुट्टी दे, फी कंपनीला भरू दे. दिवसाचा पगार बुडतो म्हणून नूतनीकरण पुढे ढकलणारी माणसं मी खूप पाहिली आहेत. अण्णांनाही मी एक दिवस सुट्टी दिली असती तर पुरलं असतं.

आणखी एक. लायसन्स खरं निघालं म्हणजे हात चांगला असेलच असं नाही. कामावर घ्यायच्या आधी जाणत्या ड्रायव्हरला शेजारी बसवून त्याला पाच-दहा किलोमीटर गाडी चालवायला लाव.

तू कॉम्प्युटरवर तक्ता करशील, मला फळाच माहीत होता. कशावरही लिही, पण गाडीच्या तारखांशेजारी माणसाच्या तारखेचा रकाना असू दे. सोमवारी गेलीस की पहिल्या शिफ्टच्या बसवरच्या ड्रायव्हरपासून सुरू कर. सकाळी सातच्या आत चाळीस माणसं त्याच्या भरवशावर बसलेली असतात. त्याची तारीख कळली की मला फोन कर.

तुझा,
मामा