मोळी

धर्मापुरीत हे घडलं असं समजा. गोष्ट रचलेली आहे. तिच्यातला ऊस, कोयता आणि अपरात्री येणारा ट्रक मात्र खरा आहे.

बीड जिल्ह्याच्या परळी तालुक्यातलं हे गाव. चालुक्यांच्या काळातलं केदारेश्वराचं देऊळ, जुना किल्ला, आणि दिवाळी आटोपली की साखर कारखान्यांच्या वाटेला लागणाऱ्या ऊसतोडीच्या टोळ्या. भिंतीवरच्या चित्रांचं या गावाला अप्रूप नाही. देवळाच्या बाहेरच्या भिंतींवर दगडात कोरलेल्या बायका शेकडो वर्षं उभ्या आहेत. पण पडद्यावर आपलीच गल्ली दिसावी, असं कुणाच्या मनात आलं नव्हतं. ते आलं एका निवृत्त गुरुजींच्या.

आसपासची पोरं छोट्या फिल्म करतात, पुण्या-मुंबईच्या महोत्सवांना धाडतात. पण ज्यांच्या ओसरीवर शूटिंग झालं त्या माणसांना ती फिल्म कधीच दिसत नाही. गुरुजींना हे सलत होतं. त्यांनी शाळेच्या भिंतीला चुना मारून घेतला, मंडपवाल्याकडून लग्नातला प्रोजेक्टर आणि दोन साउंड बॉक्स आणले, आणि खेळ अवसेला ठेवले. म्हाताऱ्यांनी कुरकूर केली. गुरुजी म्हणाले, "त्या दिवशी चांदणं नसतं. भिंत लख्ख दिसते." महिने निवडले चैत्र आणि वैशाख. तेव्हा टोळ्या परतलेल्या असतात आणि पाऊस लांब असतो. दिवाळीनंतर कितीतरी घरांना कुलूप असतं. तेव्हा कुणाला दाखवायचं?

पहिल्या अवसेला न्हाव्याच्या मुलाने बापाच्या दुकानात केलेली फिल्म लागली, आणि बारावीतल्या एका मुलीची हापशावरच्या रांगेची. जत्रेतल्या तंबूत सिनेमा बघितलेले म्हातारेही सतरंजीवर उठून उभे राहिले. आपला पाणवठा भिंतीएवढा मोठा कुणी पाहिला होता!

वैशाखात आली पुण्याला शिकून आलेल्या एका पोराची फिल्म. चांगला कॅमेरा, ड्रोन, संगीत, सगळं होतं. विषय ऊसतोड. आई-बाप वर्षानुवर्षं तोडीला जाणारे, त्यामुळे विषय त्याचाच, असं सगळे म्हणत होते. पडद्यावर पुण्याहून आणलेली नटी आली. तिने कोयता उचलला, गुडघ्याच्या उंचीवर ऊस तोडला, नायलॉनच्या दोरीने मोळी बांधली आणि मावळतीकडे बघत बराच वेळ रडली.

पुढे बसलेली एक मावशी मोठ्याने म्हणाली, "आरं लेकरा, दोरीनं मोळी कोण बांधतंय? अन् एवढा खुंट ठेवला तर मुकादम कापंल की पैसं!"

बायका हसायला लागल्या. दुसरी म्हणाली, "अन् रडायला येळ कुठं असतोय बाई? रातच्याला दोनला गाडी भरायला येती."

पोराचा चेहरा उतरला. खेळ संपल्यावर तो गुरुजींजवळ फणकारला, "यांना सिनेमा कळत नाही."

"सिनेमा नसेल कळत," गुरुजी म्हणाले, "ऊस कळतो. तू कशाची फिल्म केलीस?"

मग शाळेच्या पायरीवर बसून त्यांनी त्याला मालेगावची हकिगत सांगितली. शेख नासिर या तरुणाने 2000 साली 'मालेगाव के शोले' काढला. बैलगाडीची क्रेन केली, सायकलची ट्रॉली. फिल्म लागली गावातल्याच व्हिडिओ पार्लरमध्ये आणि तिचा कौल दिला यंत्रमागावर राबून आलेल्या माणसांनी. मग 'फँड्री'ची. जेऊरच्या नागराज मंजुळेंनी 2013 च्या या चित्रपटातल्या जब्यासाठी शहरातला तयार नट घेतला नाही. हलगी वाजवणारा सोमनाथ अवघडे घेतला. "तुझ्या घरात जी बाई बसलीय," गुरुजी म्हणाले, "तिला तू एकदा तरी विचारलंस का?"

तिला म्हणजे त्याच्या आईला. ती खेळाला आली होती, हसली नव्हती, काही बोललीही नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती त्याला शेजाऱ्याच्या विहिरीवर घेऊन गेली. तिथे चाऱ्यासाठी थोडा ऊस राखलेला होता. ती कमरेत वाकली आणि कोयता थेट जमिनीला टेकवून चालवला. "साखर बुडाला असती," ती म्हणाली. "वर तोडला तर माल रानात ऱ्हातो, अन् खोडवा बी नीट फुटत नाही." डाव्या हाताने कांडं फिरवत तिने पाचट सोललं, शेंडा उडवला, वाढं बाजूला टाकलं. पाच-सहा वाढी घेऊन त्यांची टोकं एकमेकांत पिळली. ती मातीवर पसरून त्यावर ऊस रचला, गुडघा दाबला, पीळ ओढून आत खोचला. मोळी तयार. पोराने ती हलवून पाहिली. गाठ कुठेच दिसत नव्हती, पण कांडं हलत नव्हतं. आईच्या बोटांवर पानांच्या कडांनी कापल्याचे जुने-नवे चरे होते. ते त्याने कधी निरखून पाहिलेच नव्हते.

"हे तू मला कधी दाखवलं नाहीस," तो म्हणाला.

"तू बघू नये म्हणूनच तर वसतिगृहात ठेवलं तुला."

मला या गोष्टीत सर्वांत जास्त हेच लागतं. बीड जिल्ह्यातल्या अशा किती लेकरांना आई-बापांनी हंगामी वसतिगृहात, नाहीतर आजीजवळ ठेवलंय, ते शिकावीत म्हणून. ती शिकतात, पण ज्या कष्टांवर शिकली ते त्यांनी पाहिलेले नसतात.

दिवाळीनंतर तो टोळीबरोबर गेला. नटी नाही, ड्रोन नाही. तोडकऱ्यांच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, राहिला. रात्री ट्रकच्या उजेडात बायका डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून वर चढतात, एक उतरते, दुसरी चढते, कुणी बोलत नाही, फक्त पाचटाचा आवाज येतो, तेवढं त्याने संगीत न घालता तसंच ठेवलं. फळीवर त्याची आई होती, ती मावशीही होती.

पुढच्या चैत्रात ती फिल्म शाळेच्या भिंतीवर लागली. या वेळी चुका काढायला कुणी तोंड उघडलं नाही. मधेच एका लहान पोराने मोठ्याने विचारलं, "आई, तू बी अशीच चढतीस?" त्याच्या आईने त्याला मांडीवर ओढून घेतलं. मागे उभे असलेले पुरुष, जे दर हंगामात त्याच गाडीखाली उभे राहून मोळ्या मोजतात, ते खाली बसले.

नंतर फिल्म पुण्याच्या दोन महोत्सवांना गेली. एकाने घेतली, एकाने नाही. गुरुजींनी मात्र खेळाच्या त्या रात्रीच दोन नियम करून टाकले. बाहेर धाडायची फिल्म आधी या भिंतीवर दाखवायची, आणि बायकांच्या सतरंज्या सर्वांत पुढे टाकायच्या.