फुकट मिळालेली जागा कुणाची?

श्रावण लागला की मुंबईतल्या कोकणी घरांत एकच विचारपूस सुरू होते : गाडीचं झालं का? बोर्ली पंचतनच्या चाकरमान्यांना ही काळजी जरा जास्तच. श्रीवर्धन तालुक्यातल्या या बाजारगावाला रेल्वे नाही. कोकण रेल्वेचं जवळचं स्थानक माणगाव, आणि तिथं उतरलं तरी म्हसळ्यामार्गे वळणावळणांचा रस्ता उरतोच. त्यामुळे बोर्लीचा माणूस काय, किंवा दिवेआगर, वेळास, आदगाव, दिघीचा काय, त्याचा भरवसा एसटीवर. ती मिळाली नाही तर खासगी गाडी. खासगी गाडीवाल्यांनी एसटीच्या भाड्याच्या दीडपटीहून जास्त घेऊ नये, असा शासन निर्णय एप्रिल २०१८ मध्ये निघाला. गणपतीच्या आदल्या आठवड्यात तो किती पाळला जातो, हे प्रवास करणारा प्रत्येक जण जाणतो.

एसटी महामंडळ या दिवसांत हजारो जादा गाड्या सोडतं. २०२५ च्या गणेशोत्सवासाठी पाच हजार जादा गाड्यांची घोषणा झाली होती. यांतल्या बऱ्याच गाड्या ग्रुप बुकिंगने जातात, म्हणजे अख्खी गाडी एकाच नावावर आरक्षित होते. कधी गावाचं मुंबई मंडळ ती करतं. पुष्कळदा एखादा आमदार, नगरसेवक किंवा होऊ घातलेला उमेदवार पैसे भरतो, गाडीच्या काचेवर त्याचा फलक लागतो आणि शाखेत नावं लिहून घेतली जातात. चाकरमान्याला गावापर्यंतचा प्रवास मोफत. २०२१ साली तर दादरहून सावंतवाडीपर्यंत ‘मोदी एक्सप्रेस’ नावाची संपूर्ण रेल्वेगाडीच अशी मोफत सोडण्यात आली. मुंबई-ठाण्यातल्या चाळींत आणि नालासोपारा-विरारच्या इमारतींत या मोफत जागांची वाट पाहणारी कुटुंबं आहेत, आणि त्यांची गरज खरी आहे. चार माणसांचं जाण्या-येण्याचं भाडं, सणाचा बाजार आणि बुडालेला रोज हे सगळं एकाच महिन्यात उभं राहतं.

आता असं समजू, की एका माणसाला बोर्लीच्या अशा गाडीत मोफत जागा मिळाली. ऐन वेळी रजा नाकारली गेली. त्याने आपली जागा ओळखीतल्या दुसऱ्याला पाचशे रुपयांना दिली. घेणारा खासगी गाडीला याच्या दुप्पट मोजायला तयार होता, तो खूश. देणाऱ्याच्या हातात पाचशे आले, तोही खूश. यात कुणाचं काय बिघडलं?

आपल्यातल्या बहुतेकांना हे ऐकून कसंसंच होतं. मात्र का, असं विचारलं तर जी दोन कारणं पहिल्यांदा सुचतात, ती फार वेळ टिकत नाहीत. पहिलं कारण कृतघ्नपणाचं. ज्याने दिलं त्याचा हा अपमान आहे, असं आपण म्हणतो. परंतु दिलेल्या दानावर देणाऱ्याचा हक्क उरत नाही, ही आपलीच शिकवण आहे. दान देऊन मागे वळून पाहणाऱ्याला आपल्याकडे कुणी मोठा मानत नाही. दुसरं कारण बिनकष्टाच्या कमाईचं. पण दिवेआगरला पर्यटक येऊ लागले आणि आजूबाजूच्या जमिनींचे भाव चढले, तेव्हा वाडवडिलांकडून आलेली जमीन विकणाऱ्याला कुणी चोर म्हटलं नाही. फुकट हाती आलेली गोष्ट विकणं हाच गुन्हा असेल, तर वारसाहक्काने आलेलं काहीच विकता येणार नाही.

दोष वेगळ्या ठिकाणी आहे. गाडीत चाळीस-चव्वेचाळीस जागा असतात. यादी भरली की शाखेत किंवा मंडळात पुढच्या माणसाला ‘गाडी भरली’ असं सांगून परत पाठवलं जातं. ही परत गेलेली बाई किंवा हा परत गेलेला रखवालदार त्या पाचशे रुपयांच्या व्यवहारात कुठेच दिसत नाही, पण व्यवहाराची किंमत त्यानेच मोजलेली असते. मोफत जागा देताना एक गोष्ट न बोलता ठरलेली असते, की तुम्ही गावाला जाणार आहात. तुमचं जाणं रद्द झालं की जागेवरचा तुमचा हक्कही संपतो आणि ती यादीतल्या पुढच्या माणसाची होते. विकणारा स्वतःची वस्तू विकत नाही. तो दुसऱ्याची पाळी विकतो, आणि तीही ज्याच्याकडे पैसे आहेत अशा माणसाला. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याच्यासाठीच ती गाडी निघाली होती.

यावर बाजाराच्या बाजूने एक चांगला युक्तिवाद आहे आणि तो टाळून पुढे जाणं बरोबर नाही. तो असा : जागा ज्याला सर्वांत जास्त हवी, त्याच्याकडे ती गेली पाहिजे, आणि किती हवी हे मोजायचं माप म्हणजे तो काय द्यायला तयार आहे ते. अमेरिकेतले तत्त्वज्ञ मायकेल सँडेल यांनी २०१२ च्या आपल्या पुस्तकात याच प्रश्नाचा विचार केला आहे. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये दर उन्हाळ्यात शेक्सपिअरची नाटकं मोफत दाखवली जातात. तिकिटासाठी तासन् तास रांग लावावी लागते. तिथे काही जण पैसे घेऊन दुसऱ्याच्या वतीने रांगेत उभे राहू लागले आणि मोफत तिकिटाचा भाव १२५ डॉलरपर्यंत गेला. २०१० मध्ये राज्याच्या महाधिवक्त्यांना त्याविरुद्ध पावलं उचलावी लागली. २००८ मध्ये पोप न्यूयॉर्कला आले, तेव्हा चर्चमार्फत वाटलेली प्रार्थनेची मोफत प्रवेशपत्रंही अशीच विकायला निघाली. सँडेल यांचं म्हणणं असं, की पैसे मोजण्याची तयारी ही गरजेइतकीच ऐपतीवरही अवलंबून असते, आणि काही गोष्टी विकायला काढल्या की त्यांचं स्वरूपच बिघडतं. सर्वांसाठी खुलं असलेलं नाटक पैसेवाल्यांसाठी खुलं असलेलं नाटक होऊन बसतं.

बोर्लीच्या गाडीला हे तंतोतंत लागू पडतं. पाचशे रुपये देऊ शकणाऱ्याला घरची ओढ जास्त आणि न देऊ शकणाऱ्याला कमी, असं म्हणण्याला काहीच आधार नाही. वर्षातून एकदाच घरी जाणाऱ्या, मालकाकडे चार वेळा हात जोडून रजा मिळवलेल्या माणसाची ओढ रुपयांत मोजली, तर ती नेहमीच कमी भरेल.

म्हणून काय दानात मिळालेली प्रत्येक गोष्ट विकणं वाईटच? तसं म्हणता येत नाही, आणि याचंही उदाहरण याच किनाऱ्यावर आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ इथे आदळलं. श्रीवर्धन, दिवेआगर, बोर्ली पट्ट्यात सुपारी आणि नारळाच्या बागा आडव्या झाल्या, घरांवरचे पत्रे आणि कौलं उडाली, कित्येक गावं दिवसेंदिवस अंधारात राहिली. टाळेबंदीचे दिवस, त्यात तोंडावर पावसाळा. पुन्हा लावलेली सुपारी हाती यायला सहा-सात वर्षं लागतात, म्हणजे ज्याची बाग गेली त्याची कित्येक वर्षांची मिळकत एका दुपारी गेली. अशा वेळी मदत येते ती बहुधा देणाऱ्याच्या सोयीने : तांदूळ, डाळ, तेल, घोंगड्या. एखाद्या घरात तांदळाच्या तीन पिशव्या आल्या आणि डोक्यावर छप्परच नाही, अशा घरातल्या बाईने दोन पिशव्या विकून पत्रा आणि खिळे आणले, तर तिने पाप केलं का?

मला तसं वाटत नाही. देणाऱ्याला तिचं घर पुन्हा उभं राहायला हवं होतं, आणि ते उभं राहिलं. तांदळाचं पत्र्यात रूपांतर झालं, पण दानाचा हेतू जागेवर राहिला. उलट जागा विकणाऱ्याच्या बाबतीत हेतू पुरा ढळला. तो स्वतः घरी गेला नाही आणि जो गेला तो तसाही गेला असता. तांदूळ विकणाऱ्या बाईलाही एकच प्रश्न विचारावा लागेल : पलीकडच्या वाडीत एक पिशवीही पोहोचली नव्हती, हे तुला ठाऊक होतं का? ठाऊक असेल, तर तिच्याही व्यवहारात एक न दिसणारा माणूस येऊन उभा राहतो.

यातून मला दोन कसोट्या दिसतात. दान ज्या हेतूने दिलं, तो हेतू विक्रीनंतर साधतो का? आणि ही गोष्ट मी परत केली असती, तर ती कुणाच्या हाती पडली असती? रेशनवर दरमहा माणशी मिळणारं पाच किलो मोफत धान्य व्यापाऱ्याला विकणाऱ्या कुटुंबालाही याच कसोट्या लावाव्यात. औषधासाठी विकलं, तर हेतू पुरता मोडला असं म्हणवत नाही. ज्या घराला त्या धान्याची गरजच नाही आणि तरीही कार्ड चालू ठेवून ते विकतं, त्या घराने कुण्या गरजू कुटुंबाचं नाव यादीबाहेर ठेवलेलं असतं.

विकणारे सगळे सारखे नसतात, हेही सांगायला हवं. रजा हुकली म्हणून एक जागा विकणारा एक. जायचं नसतानाही नाव लिहून जागा अडवणारा दुसरा. आणि दहा खोटी नावं देऊन दहा जागा गोळा करणारा तिसरा. तिसऱ्याचं काम सरळ चोरीचं आहे. रेल्वेच्या कायद्याने हा फरक बराच नीट ओळखला आहे. १९८९ च्या रेल्वे कायद्यानुसार हस्तांतराला मनाई असलेलं तिकीट विकणाऱ्याला आणि विकत घेणाऱ्यालाही तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. परवान्याशिवाय तिकिटांचा धंदाच मांडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद. ऑनलाइन काढलेल्या तिकिटांनाही हे कलम लागू होतं, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं. त्याच रेल्वेच्या नियमांत मात्र आई-वडील, भाऊ-बहीण, नवरा-बायको, मुलगा-मुलगी यांच्या नावावर आपलं आरक्षण वेळेत करून देता येतं. मायेने दिलेल्या जागेला वाट मोकळी आणि धंद्याला अटकाव, ही विभागणी मला शहाणपणाची वाटते.

गरिबाच्या या पाचशे रुपयांवर बोलताना आपला आवाज फार चढू नये. क्रिकेटच्या सामन्यांचे मानाचे पास किंवा देवळातल्या खास दर्शनाची सोय खाऊन-पिऊन सुखी माणसांच्या हातांत पडते, आणि तिचाही बाजार होतो. त्या विक्रीमागे बुडालेला रोज नसतो, औषधाचं बिल नसतं. नीतीचा नियम सर्वांना एकच असला, तरी तो मोडण्याची जबाबदारी मोडणाऱ्याच्या ऐपतीनुसार वाढते.

आणि देणाऱ्याचं काय? काचेवर फोटो लावून गाडी सोडणारा पुढारी ती जागा मताच्या आशेवर देतो. असं दान निघतानाच व्यवहार होऊन निघालेलं असतं. ज्याला ते मिळतं त्यालाही हे कळतं, आणि मग त्या जागेबद्दल विश्वस्ताची भावना त्याच्या मनात रुजणार कशी? त्यातून नावं लिहिली जातात ती कार्यकर्त्यांच्या ओळखीने. ज्याला खरी गरज आहे त्याच्यापर्यंत बातमीच जात नाही. गरज न विचारता वाटलेली वस्तू बाजारात जाण्याचा संभव फार, म्हणून त्या बाजाराच्या दोषाचा एक वाटा वाटणाऱ्याच्याही पदरी पडतो.

एक अवघड प्रसंग तरीही उरतो. रजा नाकारली गेली नाही, दोन दिवस पुढे गेली. त्या माणसाने मंगळवारची मोफत जागा विकली आणि त्याच पैशांत गुरुवारच्या गाडीने तो गावाला गेला. तो घरी पोहोचला, म्हणजे पहिल्या कसोटीवर तो बराचसा उतरतो. दुसऱ्या कसोटीवर उतरत नाही, कारण मंगळवारी यादीतला कुणीतरी मागे राहिलाच. पण त्याने प्रामाणिकपणे जागा परत केली असती, तर गुरुवारी त्याला दुसरी जागा मिळाली असती का? बहुतेक ठिकाणी परत करण्याची सोयच नसते. प्रामाणिक माणसाला नुकसान आणि विकणाऱ्याला फायदा, अशी रचना करून ठेवायची आणि वर त्यालाच नीती शिकवायची, हे मला न्याय्य वाटत नाही.

म्हणून हा प्रश्न सोडवायचा तर सुरुवात गावाच्या मुंबई मंडळांनी करावी. हिशेब, वर्गणी आणि माणसांची पारख या तिन्ही गोष्टी त्यांना पिढ्यान् पिढ्या येतात. यादीच्या खाली प्रतीक्षेतली नावं लिहावीत आणि ती सगळ्यांना दिसतील अशी ठेवावीत. नाव नोंदवताना शंभर रुपये अनामत घ्यावेत आणि गाडीत बसल्यावर ते हातावर ठेवावेत. ज्याच्याकडे शंभरही नाहीत, त्याच्यासाठी मंडळाने शब्दावर विश्वास ठेवावा. आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत जागा परत करणाऱ्याला अनामत मिळावी आणि पुढच्या गाडीत त्याचं नाव आधी यावं. पुढाऱ्याने गाडी दिली तरी यादी मंडळाने करावी. खर्च फार नाही, कागद आणि चार फोन पुरतात.

एवढं झालं की विकणाऱ्याकडे कुठलीही सबब उरणार नाही, आणि मग त्याला चुकीचं म्हणण्याचा अधिकार आपल्याला खऱ्या अर्थाने मिळेल. दानाची जागा माझ्या हातात असते तेवढा वेळ मी तिचा राखणदार असतो. मी जाणार असेन तर तिच्यावर मी हक्काने बसावं, त्यात लाज कसली? मी जाणार नसेन, तर माझ्या मागच्या माणसाला हाक मारणं एवढंच माझ्याकडे काम उरतं, आणि त्या हाकेचे पैसे घ्यायचे नसतात.