चौथे ऋण

यक्षाने युधिष्ठिराला जे प्रश्न विचारले त्यांत ‘सुखी कोण?’ असाही एक होता. धर्मराजाच्या उत्तराचा मथितार्थ असा की, ज्याला कोणाचे देणे नाही, ज्याला घर सोडून हिंडावे लागत नाही आणि जो आपल्याच घरी साधी भाजी शिजवून खातो, तो सुखी. ही कसोटी पुण्याच्या बाणेर, खराडी अथवा कल्याणीनगर या उपनगरांत नवे घर घेणाऱ्या गृहस्थास लावून पाहिली तर मोठी गंमत होते. वीस वर्षांच्या हप्त्यांमुळे तो ऋणी, कचेरीच्या जाण्यायेण्यात दिवसाचा लचका तुटत असल्यामुळे तो प्रवासी, आणि भाजी तर स्वयंपाकाच्या बाई येऊन शिजवून जातात! तथापि तो दुःखी आहे असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. सज्जातून टेकडी दिसते, मुलांना खेळावयास मोकळी जागा आहे, रात्री निजताना रस्त्याचा गोंगाट कानी येत नाही. आयुष्यभराच्या काटकसरीतून एखाद्या कुटुंबाने एवढे सुख मिळविले, तर त्याला नाक मुरडणे हा निव्वळ दांभिकपणा होय.

प्रश्न निराळाच आहे. बँकेच्या कागदावरचे ऋण आज ना उद्या फिटेल. पण जे त्या कागदावर लिहिलेलेच नाही त्याचे काय? देव, ऋषी आणि पितर यांची तीन ऋणे आपणांस पाठ असतात. शतपथ ब्राह्मणात मात्र चौथेही सांगितले आहे, ते मनुष्यांचे. ते फेडावयाचे दोन मार्ग तेथे दिले आहेत: दुसऱ्यास अन्न देणे आणि दुसऱ्यास वास देणे. अन्नाचे आपण सणावारी का होईना पाहतो. वास देण्याची गोष्ट मात्र आपल्या विस्मरणात गेली आहे, आणि घर विकत घेणाऱ्या मनुष्याशी तिचाच संबंध अधिक जवळचा आहे.

यावर गृहस्थ म्हणेल, “जागेची किंमत मी चुकती केली, मुद्रांक शुल्क भरले, मिळकतकर भरतो आहे. आता आणखी कोणाचे देणे?” हा युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो. परंतु उच्चभ्रू म्हणविणाऱ्या वसाहतीत आपण विकत काय घेतो, हे नीट पाहिले पाहिजे. भिंती आणि फरशा तर शहरात अन्यत्रही मिळतात. येथे जो जास्तीचा पैसा मोजावयाचा तो शेजारासाठी. अधिक स्पष्ट बोलावयाचे तर, कोण शेजारी नसावा यासाठी. किमतीच्या चाळणीतून जो खाली गळला तो आपोआपच दूर राहिला, आणि त्याला आपण दूर ठेवले असा दोषही कोणाच्या माथी येत नाही.

जुन्या पेठांतील वाड्यांचे गोडवे गाणाऱ्यांनी मात्र येथे टाळ्या पिटण्याचे कारण नाही. वाड्यात मालक आणि पोटभाडेकरू एका नळावर पाणी भरीत हे खरे. पण त्या नळापर्यंत कोणी यावयाचे हे जातीने आधीच ठरवून ठेवले होते. चाळणी तेव्हाही होतीच, तिची भोके तेवढी निराळी. त्याच पुण्यात १८६८ साली जोतीराव फुले यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. त्यापूर्वी पाच वर्षे, १८६३ साली, फसवल्या गेलेल्या विधवांनी गुपचूप येऊन बाळंत व्हावे यासाठी त्यांनी आणि सावित्रीबाईंनी आसरा उघडला होता. एका घराने चौथे ऋण कसे फेडावे, याचा याहून स्वच्छ दाखला मला तरी ठाऊक नाही.

दुसरा दाखला उपनगराचाच आहे. १९०० साली धोंडो केशव कर्वे यांचा अनाथ बालिकाश्रम शहराबाहेर हिंगण्यास एका झोपडीत गेला. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवून झाल्यावर अण्णासाहेब चिखल तुडवीत तेथे पायी जात. ज्यांना गावात कोणी थारा देत नव्हते अशा विधवा मुलींना जागा मिळावी म्हणून ते गावाबाहेर गेले. त्या भागास आज कर्वेनगर म्हणतात आणि तेथील घरांच्या किमती ऐकून सामान्य मनुष्य मुकाट्याने परत फिरतो. गावाबाहेर जाणे हे स्वतः काही पाप नव्हे. आपण कोणाला बरोबर घेऊन निघालो आणि कोणाला मागे टाकून, एवढेच पाहावयाचे.

मगरपट्ट्याचे उदाहरण या दृष्टीने विचार करण्याजोगे आहे. हडपसरच्या सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली ४०० एकरांहून अधिक जमीन एकत्र केली आणि ती बाहेरच्या धनिकास विकून न टाकता स्वतःची कंपनी काढून तीवर नगर वसविले. ज्याची जितकी जमीन तितका त्याचा हिस्सा. इतरत्र शेताचा मालक खरेदीखतावर सही करून दृष्टीआड होतो. येथे तो राहिला. ही गोष्ट लहान नव्हे. अर्थात त्याच शेतांत मजुरीने राबणाऱ्या भूमिहीनाला या हिशेबात जागा नव्हती, कारण हिस्सा जमिनीच्या मापाने होता, घामाच्या नव्हे.

डेक्कन जिमखान्याच्या कित्येक जुन्या बंगल्यांमागे एक आउटहाउस असे व तेथे माळ्याचे बिऱ्हाड राही. त्यात समता नव्हती, पण वास होता. पुढे बंगले पडून सदनिका उभ्या राहिल्या आणि त्या खोलीची जागा मोटारींनी घेतली. आता धुणेभांडी करणारी बाई दूरच्या वस्तीतून दोन बस बदलून येते, फाटकावर ओळखपत्र दाखविते, निराळ्या उद्‌वाहनाने वर चढते. जिच्या हातची पोळी आपण खातो तिला आपल्या घरचे शौचकूप वापरू न देणारी सुशिक्षित कुटुंबे या शहरात आहेत, हे लिहितानाही लाज वाटते. रिकामी सदनिका भाड्याने द्यावयाची वेळ आली म्हणजे आडनाव, धर्म, आहार यांची जी चौकशी सुरू होते ती तर वास नाकारण्याचीच उघड रीत होय.

कोणी म्हणेल, एकट्यादुकट्या गृहस्थाने काय करावे? त्याने घर विकून झोपडीत जावे असे माझे मुळीच म्हणणे नाही. पण जो आज गृहरचना संस्थेचा सभासद झाला त्याला एक मत मिळाले आहे, आणि भाडेकरू कोण असावा, कोणी कोणत्या दाराने यावे, हे त्या मतानेच ठरते. वार्षिक सभेत वाहने लावण्याच्या जागेवर दोन दोन तास वाद रंगतात. रखवालदारास बारा तासांच्या पाळीत बसावयास खुर्ची आणि जावयास मोरी असावी, हा मुद्दा निघालाच तर तो ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ या सदरात निघतो. आणि तोवर बहुतेक सभासद चहा घेऊन घरी गेलेले असतात.