आरोग्य, आचार आणि धृती

शरीर नाशवंत आहे म्हणून त्याचे कौतुक करू नये असे एकीकडे बजावणारी, आणि तेच शरीर धर्माचरणाचे पहिले साधन होय असे दुसरीकडे सांगणारी शिकवण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली असल्यामुळे, मुलांना आरोग्याचे वळण लावू पाहणाऱ्या पालकाला या दोहोंचा निवाडा प्रथम करावाच लागतो. ‘कुमारसंभवा’च्या पाचव्या सर्गात कालिदासाने तो करून ठेवला आहे. उग्र तपाने अंग झिजविणाऱ्या पार्वतीची, बटुवेषाने आलेला प्रत्यक्ष शंकरच, तप शक्तीच्या मर्यादेत आहे ना, अशी विचारपूस करतो. विरागी देवाने तपस्विनीला प्रकृती जपावयास सांगावे, यात विसंगती नाही. कारण साधनाची हेळसांड ही अखेर साध्याचीच हेळसांड ठरते.

परंतु साधन जपावे हे कळणे निराळे आणि ते प्रत्यक्ष जपणे निराळे. चरकसंहितेत रोगाच्या कारणांमध्ये प्रज्ञापराधाची गणना केली आहे. हिताहिताचा निर्णय करणारी धी, अहिताकडे धावणाऱ्या मनाला आवरणारी धृती आणि कळलेले ऐन वेळी आठवून देणारी स्मृती, ही ढळली असता माणसाच्या हातून जे अहितकर कर्म घडते तो हा अपराध. आजचे आपले आरोग्यशिक्षण जवळजवळ सर्वस्वी धीवर खर्ची पडते. जीवनसत्त्वांची कोष्टके मुलाला मुखोद्गत असतात, जागरणाचे अपाय ते उत्तरपत्रिकेत बिनचूक लिहिते, आणि त्याच रात्री मोबाईल हातात घेऊन मध्यरात्रीपर्यंत जागे राहते. येथे अज्ञान नाही. उणीव आहे ती धृतीची.

धृती व्याख्यानाने येत नाही, तशीच ती ताकिदीनेही येत नाही. हुकमाखातर पानातली मेथीची भाजी संपविणारे मूल हुकूम करणारा दूर होताच ती टाकते. आणि भाजीच्या बदल्यात चॉकलेटचे आमिष दाखविले, तर भाजी ही शिक्षा व चॉकलेट हे बक्षीस, एवढाच धडा त्याच्या मनावर ठसतो. धृती रुजते ती ज्यांच्यावर मुलाचा जीव आहे अशा माणसांच्या नित्य आचारातून. समर्थ रामदासांनी सतराव्या शतकात कृष्णाखोऱ्यात ठिकठिकाणी मारुतीची स्थापना करून बलोपासनेला भक्तीची जोड दिली, त्यामुळे अंगमेहनत ही केवळ सक्तीची बाब न राहता श्रद्धेचा विषय झाली. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः नित्यनेमाने सूर्यनमस्कार घालीत, आणि तोच परिपाठ त्यांनी संस्थानच्या शाळांतून सुरू केला. राजा स्वतः जे आचरतो, त्याचे फर्मान प्रजेला जाचक वाटत नाही.

यावर असा आक्षेप घेता येईल की, समज येण्यापूर्वीच अंगी बाणविलेला आचार ही मुलाच्या स्वातंत्र्यावर जबरदस्तीच नव्हे काय? मातृभाषादेखील आपण मुलाची संमती घेऊन शिकवीत नाही; तथापि तिच्याच बळावर ते पुढे स्वतःचा विचार मांडू लागते आणि प्रसंगी आपल्यालाच विरोध करू शकते. लहानपणी लागलेला संयम हाही याच जातीचा आहे. ज्याला इच्छा आवरण्याची सवयच नाही, त्याच्यापुढे निवडीचा प्रश्न उरतच नाही; समोर आलेली इच्छा हीच त्याची धनीण होऊन बसते.

मात्र या शिकवणीला निष्ठुरतेची कड येता कामा नये. चरकाने काळाचा परिणाम हेही रोगाचे एक कारण मानले आहे. म्हणून आजारी मूल अपराधी समजावयाचे नाही, किंवा दारिद्र्यामुळे ज्याच्या ताटात पुरेसे अन्नच पडत नाही त्याला संयमाचे पाठ द्यावयाचे नाहीत. त्याला आधी अन्न द्यावे, आणि ती जबाबदारी सर्व समाजाची आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात अतिभोजनाबरोबर उपासमार आणि अतिनिद्रेबरोबर जागरणही योगाला बाधक ठरविले आहे, तेव्हा शरीराचा ध्यास घेऊन देह पिळवटणे हेही त्या दृष्टीने असंयमातच जमा होते.

म्हणून मुलांच्या आरोग्याची चिंता वाहणाऱ्याने पहिला हिशेब आपल्या दिनचर्येचा मांडावा. वडीलधारी माणसे वेळेवर जेवतात, वेळेवर निजतात, चालण्याचा कंटाळा करीत नाहीत आणि पुरे झाले म्हणजे ताटावरून उठतात, हे ज्या घरात मूल रोज पाहते, तेथे उपदेशाचे काम थोडेच शिल्लक राहते. मूल एक दिवस आपल्या देखरेखीबाहेर जाणारच. त्या वेळी स्वतःला ‘पुरे’ म्हणण्याचे सामर्थ्य त्याच्यापाशी असले, तर आपण त्याला निरोगी देहाबरोबर स्वतःवरची सत्ताही दिली असे होईल, आणि धर्माचरणाचा आरंभ तेथूनच होतो.