शोक कोणासाठी करावा?

२५ डिसेंबर २०१६. आपण नाताळच्या उपासनेस निघालो होतो त्याच सुमारास रशियातील सोचीहून उडालेले लष्करी विमान काळ्या समुद्रात कोसळले. विमानातील ९२ जणांपैकी एकही वाचला नाही. त्यांत रशियन सैन्याच्या विख्यात अलेक्झांड्रोव्ह गायकवृंदाचे ६४ जण होते; त्यांचे प्रमुख वालेरी खलिलोव्हही गेले. सीरियातील आपल्या सैनिकांपुढे नववर्षाची गाणी गाण्यासाठी ते निघाले होते.

त्याच सैन्याच्या बॉम्बहल्ल्यांत सीरियातील निरपराध माणसे मरत होती. मग या गायकांसाठी आपण शोक करावा काय?

दाविदाकडे पाहावे. शौलाने त्याचा जीव घेण्याचा वारंवार प्रयत्न केला होता. तरी गिलबोवा डोंगरावर शौल व योनाथान पडल्याचे कळताच दाविदाने वस्त्रे फाडली, उपास केला, विलापगीत रचले आणि ते यहूदाच्या लोकांस शिकवण्यास सांगितले. त्या गीतात शौलाच्या अपराधांचा उच्चारही नाही. दावीद ते विसरला होता असे नव्हे. न्याय त्याने देवावर सोपवला होता, म्हणून त्याला मनमोकळे रडता आले. शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेल्या अठरा जणांच्या पापाचे मोजमाप करू पाहणाऱ्यांना प्रभू येशूनेही अडवले.

मात्र हा शोक एकाच बाजूचा राहिला, तर तो केवळ पक्षपात होय. ज्या प्रार्थनेत आपण या गायकांची आठवण करतो, त्याच प्रार्थनेत अलेप्पोच्या ढिगाऱ्यांखाली मेलेल्यांचीही आठवण करावी. त्यांच्यातही गाणारे होतेच.