मुळांवांचून वृक्ष

आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाचीं चित्रें पाहावयास गेल्या वर्षीं आम्ही सारे सभासद जमलों, तेव्हां त्यांतील झाडें पाहून माझे डोळे निवले, हें कबूल केलें पाहिजे. नव्या इमारतीच्या पायथ्याशीं दाट छाया पसरली होती. पानापानांतून ऊन झिरपत होतें. सगळें संगणकानें निर्मिलेलें आहे हें ठाऊक असूनहि भान हरपावें, इतकें तें हुबेहूब होतें. आमच्या अंगणांतला जुना कडुनिंब मात्र चित्रांत कोठें नव्हता.

आतां अशा अनुकरणांत वाईट तें काय? माझा भाचा संगणकावरील खेळांसाठीं अरण्यें उभारण्याच्या व्यवसायांत आहे. तो म्हणाला, "मामा, यांत फसवणूक कुणाचीच नाहीं. झाड खोटें आहे हें पाहणाराला माहीत असतें." त्याचें म्हणणें अगदींच टाकाऊ नव्हे. या कलेचें मूळ तर निखळ जिज्ञासेंत आहे. 1968 सालीं आरिस्टिड लिंडेनमायर या जीवशास्त्रज्ञानें साध्या सजीवांची वाढ वर्णन करण्याकरितां एक पद्धति मांडली. एका चिन्हाच्या जागीं ठराविक नियमानें दुसरीं चिन्हें घालीत गेलें, कीं फांदीला फांदी फुटावी तसा आकार सिद्ध होतो. पाणिनीच्या देशांत ही कल्पना परकी वाटूं नये!

परंतु भाच्यानें दाखविलेली एक युक्ति माझ्या मनांतून जाईना. दूरचें झाड संपूर्ण रेखाटण्यांत संगणकाची शक्ति व्यर्थ खर्ची पडते. म्हणून त्याच्या जागीं एक सपाट फलक उभा करतात, आणि प्रेक्षक जिकडे सरकेल तिकडे तो फलक आपलें तोंड फिरवीत राहतो. जें नजरेबाहेर गेलें, तें रेखाटलेंच जात नाहीं. म्हणजे या झाडाला पाठच नाहीं. कडुनिंबाला ती होती. आम्ही निजलेले असतां त्यावर पाखरें वसत, त्याचीं मुळें कुंपणाखालून शेजाऱ्याच्या आवारांत शिरत, आणि ज्येष्ठांत लिंबोळ्यांचा असा कांहीं चिखल होई कीं बायका रोज त्याच्या नांवानें बोटें मोडीत. आमच्या सोयीचा त्यानें कधीं विचार केला नाहीं. मला वाटतें, कर्तव्याचा संबंध येतो तो येथेंच. जें केवळ आपल्या डोळ्यांपुरतें आहे, तें आपल्याला आवडूं शकेल. पण त्याचें आपण कांहीं देणें लागत नाहीं. ऋण असतें तें आपल्याकडे पाठ करून उभ्या असलेल्याचें. त्या गोड चित्रांची संवय झालेला डोळा खऱ्या झाडालाहि शोभेची वस्तु समजूं लागतो, एवढेंच माझें भय. (बैठकींत कुंडी ठेवणाऱ्या आमच्या पिढीनें हा दोष सर्वस्वीं संगणकाच्या माथीं मारूं नये.)

त्या चित्रांतल्या झाडांखालीं, त्याच नकाशाप्रमाणें, मोटारींसाठीं दोन मजली तळघर आहे. मुळें जाणार कोठें, हें सभेंत कोणीं विचारलें नाहीं. मींहि नाहीं.

कडुनिंब गेल्या माघांत तोडला. 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणें रीतसर परवानगी होती. संमतिपत्रावर साऱ्यांच्या सह्या आहेत, माझी सातवी. भाचा म्हणतो, "जुनीं छायाचित्रें द्या मामा, तोच कडुनिंब उभा करून देतों." तीं कपाटांत आहेत. मीं अजून काढलेलीं नाहींत.