पोळी आणि टाळी

‘ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी’ ही म्हण लहानपणी मला कृतज्ञतेची वाटे. टायरोन हेस यांची हकिगत वाचली आणि शंका आली.

बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले हे जीवशास्त्रज्ञ अ‍ॅट्राझीन या तणनाशकाचा बेडकांवरचा परिणाम तपासत होते, तेही उत्पादक कंपनीच्याच पैशावर. निष्कर्ष गैरसोयीचे निघाले. २००० साली त्यांनी ते काम सोडले. २००२ साली त्यांनी प्रसिद्ध केले, की पाण्याच्या अब्ज भागांत ०.१ भाग औषध असले तरी नर बेडकांत मादीची लक्षणे दिसतात. अमेरिकेत पिण्याच्या पाण्याला ३ भागांपर्यंत मुभा आहे! इतर काहींच्या प्रयोगांत तसे आढळले नाही. २००७ साली तिथल्या सरकारी पर्यावरण संस्थेनेही परिणाम अमान्य केला. पुढे कोर्टकज्जात कंपनीची कागदपत्रे उघड झाली, त्यांत हेस यांना बदनाम करण्याचे बेत होते.

पोळी नाकारली म्हणून कोणी खरा ठरत नाही; ते प्रयोगानेच ठरावे. पण प्रयोगाला उत्तर प्रयोगाने द्यावे, बदनामीने नव्हे.

आमच्याकडे मक्यात हेच औषध मारतात. शास्त्रज्ञ कोणाचीही पोळी खावो, त्याचे देणे विहिरीचे पाणी पिणाऱ्याशी आहे, असे मला वाटते.